मक्का, पंढरी आणि अर्धा गुण

मराठीच्या मास्तराच्या हातात लाल शाईचे पेन आले की त्याला आपण यमधर्माच्या दरबारातले चित्रगुप्त आहोत असे वाटू लागते. गेली अठरा वर्षे मलाही तसेच वाटत आले आहे. काना-मात्रा, वेलांटी, उसने वाक्प्रचार, यांची पापे मी वहीच्या समासात नोंदवतो आणि गुण कापतो. कापलेला गुण परत देण्याची वेळ क्वचितच येते. गेल्या वर्षी ती आली. आणि तीसुद्धा एका पूर्ण गुणाची नव्हे, अर्ध्याच गुणाची.

त्याचे असे झाले. आमचे महाविद्यालय कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. द्वितीय वर्षाच्या मुलांना अंतर्गत परीक्षेत खेळांविषयी निबंध घातला होता. एका मुलाने क्रिकेटवर लिहिले. अक्षर बरे, मजकूर बेताचा. त्यात एक वाक्य होते, ‘लॉर्ड्स ही क्रिकेटची मक्का होय.’ मी ‘मक्का’ खोडले, वर ठसठशीत ‘पंढरी’ लिहिले, समासात ‘उसनी प्रतिमा’ असा शेरा मारला आणि अर्धा गुण कापला. एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्या वाक्यावर मी चांगला पाऊण तास रंगून बोललो. इंग्रजी वर्तमानपत्रे ‘क्रिकेटची मक्का’ म्हणतात म्हणून आपण म्हणायचे का? आपल्या भाषेला आपली पंढरी आहे. सांगली ही नाट्यपंढरी, कारण १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथे ‘सीतास्वयंवर’ उभे केले. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले ते कोल्हापूर कुस्तीची पंढरी. मग लॉर्ड्सला पंढरी म्हणायला कसली आली लाज? मुले माना डोलवीत होती. अशा वेळी मास्तराला स्वतःचा आवाज फार गोड लागतो.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावातली, कोकणी मुसलमान घरातली. वर्गात फारशी बोलत नसे, पण वाचलेले विसरत नसे. ती म्हणाली, “सर, क्रिकेट ना मक्केत खेळतात ना पंढरपुरात. मग एकाला अर्धा गुण कमी आणि दुसऱ्याला पूर्ण, असं का?”

वर्ग हसला. मीही हसलो, पण जरा उशिरा. आणि अडचणीत सापडलेला प्रत्येक मास्तर जे म्हणतो तेच म्हणालो, “तास संपल्यावर भेट.”

तास संपल्यावर ती आली. मला वाटले होते, दुखावली असेल. तसे काही नव्हते. ती म्हणाली, “सर, मी रागानं नाही विचारलं. आमच्या घरी मक्केचं नाव असं कशालाही लावलेलं आजोबांना चालत नाही. त्यामुळे त्यानं लिहिलेलं मलाही पटलं नव्हतं. पण तुम्ही खोडलंत ते वेगळ्याच कारणानं खोडलंत.”

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. रात्री जेवताना ते माझ्या ताटात होते म्हणा ना. मी शब्द खोडला तो परका म्हणून. तिला तो खोडावासा वाटला तो जवळचा म्हणून. शब्द तोच; आणि लाल रेघही तीच.

त्यानंतर पंधरा दिवस मी या शब्दाच्या मागे लागलो. मराठीच्या माणसाचा हा एक रोगच असतो. डोके दुखले तर तो आधी ‘डोके’ शब्दाची व्युत्पत्ती पाहतो.

गावांची नावे सामान्यनाम होऊन बसणे आपल्याला नवे नाही. आपण एखाद्याचे पानिपत करतो, आणि त्या वेळी १७६१ सालची ती संक्रांत कुणाच्या मनात नसते. ‘काय काशी घातलीस!’ असे म्हणताना तर साक्षात विश्वेश्वराच्या नगरीचा आपण पार बोजवारा करून टाकतो. काशीच्या पंड्यांनी अजून दावा लावलेला नाही, हे आपले नशीब. रोज लाखो मुंबईकर ‘हाजी अली’चे तिकीट काढतात. ‘हाजी’ म्हणजे हज करून आलेला, हे त्यातल्या किती जणांच्या कानाला जाणवत असेल? आणि त्या दर्ग्याची आख्यायिका अशी की तो सत्पुरुष मक्केच्या वाटेवर वारला आणि समुद्राने त्याला मुंबईच्या किनाऱ्याशी आणून सोडले.

मोगल दरबारात तर मक्केचा आणखी एक अर्थ होता. नकोशा झालेल्या सरदाराला हजला जाण्याची परवानगी मिळे. म्हणजे काय ते त्याने समजून घ्यायचे. अकबराने १५६० साली बैरामखानाला असेच मक्केच्या वाटेला लावले, आणि पुढल्याच वर्षी गुजरातेत पाटणला त्याचा खून झाला. ज्या सुरतेची महाराजांनी दोनदा लूट केली त्या सुरतेचे एक नाव ‘मक्केचा दरवाजा’ असे होते. हिंदुस्थानातले यात्रेकरू तिथून गलबतात बसत. पण हा दरवाजा खराखुरा दरवाजा होता. त्यातून माणसे मक्केलाच जात, क्रिकेट पाहायला नव्हे.

इंग्रजीची गोष्ट निराळी. ज्या गोष्टीसाठी चहूकडून माणसे लोटतात तिचे ठिकाण म्हणजे ‘मेक्का’, हा अर्थ त्या भाषेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळला. मौज अशी की तो रुळवणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या गावात पाऊल टाकता येत नव्हते. मक्केत बिगरमुसलमानाला प्रवेश नाही; तेव्हाही नव्हता, आजही नाही. जे थोडे युरोपीय गेले ते वेष पालटून किंवा नाव पालटून गेले. बुर्कहार्ट नावाचा स्विस प्रवासी १८१४ साली तिथे पोहोचला. लॉर्ड्सचे हल्लीचे मैदान सुरू झाले तेही त्याच १८१४ साली, हा निव्वळ योगायोग. पण माझ्या लाल शाईला तो झोंबला खरा. पुढे १८५३ मध्ये रिचर्ड बर्टन पठाणाच्या सोंगात जाऊन आला. हा बर्टन मुंबई इलाख्याच्या फौजेतला. गोव्यावर त्याने पुस्तक लिहिले, आणि मराठीची सरकारी परीक्षाही तो उत्तीर्ण झाला होता. बाकीच्या इंग्रजांनी मक्का पाहिली ती अशांच्या पुस्तकांतून. दुरून काय दिसणार? गर्दी दिसली. तेवढीच त्यांनी उचलली.

आणि ती उचलून कुठे नेली पाहा. इंग्लंडात ‘मेक्का’ नावाची एक कंपनी निघाली. तिची उपाहारगृहे होती, नाचघरे होती. तिच्याच एका अधिकाऱ्याने १९५१ साली ‘मिस वर्ल्ड’ची सौंदर्यस्पर्धा सुरू केली, १९६६ मध्ये आपल्या मुंबईची, मूळच्या गोव्याच्या घराण्यातली रीटा फरिया जिंकली ती हीच स्पर्धा. बिंगो नावाचा आकड्यांचा जुगार खेळण्याचे हॉल त्या देशात आजही ‘मेक्का’ नावाने चालतात. ज्या धर्माने जुगार निषिद्ध ठरवला त्याच्या परमपवित्र गावाचे नाव जुगाराच्या दारावर! त्यात कुणाचा दुष्टपणा होता असे मला वाटत नाही. शब्द पोकळ झाला की त्यात काहीही भरता येते, इतकेच. पुढे १९८० नंतरच्या दशकात सौदी सरकारने आपल्या गावाचे इंग्रजी स्पेलिंगच बदलले आणि ‘मक्का’ या मूळ उच्चाराशी जुळणारे नवे अधिकृत केले. जुने स्पेलिंग जणू त्या नाचघरांना देऊन टाकले! भाषेच्या इतिहासात असे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

खरी मक्का म्हणजे काय, हे पुस्तकांवरून जेवढे कळते तेवढे मी वाचले. उजाड डोंगरांमधली एक खोलगट दरी. शेती नाही, नदी नाही. इब्राहीमची पत्नी हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली, आणि मग झमझमचा झरा फुटला, ही तिथली मूळ कथा. यात्रेकरू आजही ते अंतर सात वेळा चालतो, म्हणजे एका तहानलेल्या मुलाच्या आईची धावपळ जगभरची माणसे पुन्हा करतात. काब्याभोवती सात प्रदक्षिणा घालतात; आपल्या उलट दिशेने, देवघर डाव्या हाताला ठेवून. जिल्हेज महिन्याच्या नवव्या दिवशी अराफतच्या मैदानात दुपारपासून सूर्यास्तापर्यंत केवळ उभे राहायचे, प्रार्थना करायची, क्षमा मागायची. हाच हजचा गाभा. पुरुषाच्या अंगावर बिनशिवलेली दोन पांढरी वस्त्रे. शिवणच नाही म्हणजे खिसा नाही, आणि कपड्यावरून राजा कोण नि हमाल कोण हे कळण्याची सोय नाही.

कुराणात ‘मक्का’ हे नाव एकदाच येते, एकदा ‘बक्का’ असे येते. पण मला भावले ते तिसरे नाव, ‘उम्मुल कुरा’. म्हणजे गावांची आई. आपल्या संतांनी विठोबाला माउली केले. तिकडे गावालाच आई म्हटले. आपल्या स्वतंत्र देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांचा जन्म याच गावातला, १८८८ सालचा. हे माझ्या वर्गात एकालाही ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर महिन्यापूर्वी मलाही नव्हते.

प्रवेशबंदीचा मुद्दा निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. मक्केत परधर्मीयाला मज्जाव आहे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. तो मज्जाव मलाही रुचत नाही. पण माझ्या लाडक्या पंढरीत स्वधर्मीयांनाच शेकडो वर्षे मज्जाव होता. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे ती उगीच नव्हे. साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडले. ‘पंढरी’ हा शब्द मी त्या मुलाच्या वहीत केवढ्या दिमाखाने लिहिला होता! त्यात नाटक होते, कुस्ती होती, क्रिकेटही होते, चोखोबा नव्हते.

तो अर्धा गुण मी परत दिला. मुलगा म्हणाला, “का सर?” मला कारण सांगता येईना. “बेरजेत चूक झाली होती,” असे सांगितले. मुलगा खूष होऊन गेला. आणि त्याच संध्याकाळी त्या मुलीचा निरोप आला. आजोबांनी सांगितले होते, तुझ्या मास्तरांना दिवाळीच्या सुट्टीत घेऊन ये.

मी गेलो. दाभोळला उतरलो तर फेरीबोटीला वेळ होता, म्हणून आधी तिथली जुनी मशीद पाहून घेतली. किनाऱ्याला लागूनच ती उभी आहे. मोठा घुमट, चार मिनार, काळ्या दगडाचे बांधकाम, समोर हौद. तिची कथा कोकणात सगळे सांगतात. विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली एक राजकन्या, माँसाहेब म्हणत तिला, १६५९-६० च्या सुमारास मक्केला जायला म्हणून मोठ्या लवाजम्यानिशी दाभोळला आली. त्या वेळी दाभोळ हे मक्केला जाणाऱ्यांचे मोठे बंदर होते. पण समुद्र धोक्याचा झाला होता, जाणे होईना. बरोबर आणलेल्या द्रव्याचे काय करायचे? तेव्हा काजी-मौलवींनी सल्ला दिला की इथेच मशीद बांधावी. आख्यायिका खरी किती, हे इतिहासाचे प्राध्यापक सांगतील. मला मात्र त्या हौदाच्या काठावर बसल्यावर वाटले की मक्केपर्यंत न पोहोचलेल्या माणसाने मक्केच्या वाटेवर काहीतरी उभे केले, तर ते असे दिसते. त्याला कुणी ‘कोकणची मक्का’ म्हटलेले नाही. गावकरी नुसते ‘मशीद’ म्हणतात.

आजोबांचे घर खाडीच्या बाजूला, माडांच्या आड. वय ब्याऐंशी. पाठ वाकली आहे, पण हात अजून दोरखंड ओढणाऱ्याचे आहेत. आयुष्यभर जहाजावर खलाशी. “या मास्तर,” म्हणाले, “तुम्ही आमच्या पोरीला बोलायला शिकवलंत. आता ती घरातही ऐकत नाही.”

मी त्यांना हजविषयी विचारले. ते आधी म्हणाले, “सांगण्यासारखं काही नाही.” असे म्हणणाऱ्या माणसासमोर गप्प बसून राहावे, हे मला अनुभवाने कळले आहे. चहा आला, शेवया आल्या. मग ते बोलू लागले.

१९७० च्या पुढच्या वर्षांत ते हाजींच्या जहाजावर होते. मोगल लाईनची जहाजे मुंबईहून जेद्दाला जात. ‘अकबर’ त्यातले मोठे. ही कंपनी १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि १९९५ नंतर हाजींचा समुद्रमार्ग बंदच पडला, आता सारे विमानाने जातात. तेव्हा आठेक दिवस लागत. डेकवर अंथरुणे, लोणच्याच्या बरण्या, म्हातारी माणसे. कुणी वाटेतच जाई. त्याला समुद्राच्या स्वाधीन करावे लागे. यलमलमच्या समोर जहाज आले की भोंगा वाजे आणि पुरुष दोन पांढरी वस्त्रे नेसत. “एका क्षणात सगळं जहाज पांढरं होई,” आजोबा म्हणाले. “खाकी कपड्यात आम्हीच तेवढे राहायचो.”

जेद्दाहून मक्का सत्तर-ऐंशी किलोमीटर. खलाशांना सवड मिळाली की सारंग त्यांना पाळीपाळीने सोडी. ते जाऊन येत. आजोबा सात खेपा जेद्दाच्या धक्क्याला लागले आणि सातही वेळा जहाजावरच राहिले.

“का?” मी विचारले.

“कर्ज होतं.”

बहिणीच्या लग्नाला गावच्या वाण्याकडून बाराशे रुपये घेतले होते. हजला जायचे तर ऐपत हवी, आणि ऐपत म्हणजे तिकिटाचे पैसे नव्हेत. देणे फिटलेले हवे, मागे राहणाऱ्यांच्या पोटाची सोय लागलेली हवी. कुणाचे मन दुखावले असेल तर त्याच्याकडे जाऊन माफी मागून निघायचे. “दुसऱ्याच्या पैशानं तिथं उभं राहायचं म्हणजे काय,” ते म्हणाले, “तो म्हणेल ना, आधी वाण्याचं दे.”

दुसरा कुणी म्हणाला असता, खलाशाला जहाजाने फुकट नेलेच आहे तर जाऊन यावे; त्यात कसले पाप? सारंगही तसेच म्हणाला होता, मौलवीही कदाचित तसेच म्हणाले असते. पण या माणसाचा हिशेब स्वतःचा होता. पगारातून थोडे थोडे साठवून तो वाण्याकडे गेला, तर वाणी मेलेला. मुलगा म्हणाला, बाबांच्या वहीत तुमचे नावच नाही. यांनी पैसे पुढे केले. त्याने घेतले नाहीत. तीन चकरा झाल्या. शेवटी वाण्याच्या म्हातारीने ते पदरात घेतले आणि म्हणाली, घे रे, त्याला जायचंय.

“मग सुटलात,” मी म्हणालो.

“छे! भाऊ होता ना.”

भावाशी आंब्याच्या झाडावरून वैर. हद्दीवरचे झाड, फांद्या यांच्याकडे, बुंधा त्याच्याकडे. अकरा वर्षे दोघांचे बोलणे नव्हते. हे माफी मागायला गेले तर भाऊ मागच्या दाराने वाडीत निघून गेला. पुन्हा गेले, पुन्हा तेच. दोन वर्षे अशी गेली. नंबर लागला, १९८३ साल उजाडले, पावसाळ्यात निघायचे ठरले, तरी भाऊ बोलेना. निघण्याच्या दिवशी हे ट्रंक घेऊन एस.टी.च्या थांब्यावर उभे. पाऊस मुसळधार. गाडी आली आणि कुठून कोण जाणे, भाऊ आला. एका शब्दाने बोलला नाही. ट्रंक उचलली, शिडीवरून टपावर चढवली, ताडपत्रीखाली नीट सरकवली आणि खाली उतरून निघून गेला.

आजोबा थांबले. नातीने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

“आणि झाड?” मला राहवेना.

“झाड आहे की. आंबे वानर खातात.”

काबा पाहिल्यावर काय वाटले, असे मी विचारले तेव्हा ते जरा ओशाळले. “खोटं कशाला बोलू मास्तर? पहिल्यांदा वाटलं, लहान आहे. मी मनात फार मोठं धरलं होतं. मग गर्दीत शिरलो. एका बाजूचा धक्का आला, पडलोच असतो. शेजारी एक उंच, काळा माणूस होता, कुठल्या देशाचा देव जाणे. त्यानं माझा हात धरला. सातही फेऱ्या सोडला नाही. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. फेऱ्या झाल्यावर त्यानं हात सोडला आणि गेला. त्याचं तोंडही मला नीट आठवत नाही. हात आठवतो.”

आता तिथे सहाशे मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा आहे, मोठाली हॉटेले आहेत. २०१९ साली सुमारे पंचवीस लाख माणसे हजला होती. पुढच्याच वर्षी, कोरोनाच्या साथीत, हजारेकच येऊ दिली. २०२४ साली उन्हाने तेराशेवर माणसे दगावली. हे सगळे मी वाचून गेलो होतो, पण आजोबांपुढे त्यातले काही काढावेसे वाटले नाही. घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो नातीने त्यांना फोनवर दाखवला आहे म्हणे. त्यांनी विचारले, “वेळ बरोबर दाखवतं ना?”

मग त्यांनी माझ्या अपराधाकडे मोर्चा वळवला. “त्या पोरानं काय लिहिलं होतं? पोरगी हसत हसत सांगत होती.”

मी चाचरत सांगितले, “लॉर्ड्स ही क्रिकेटची मक्का.”

“लॉर्ड्स म्हणजे ते लंडनचं? मी लंडनच्या गोदीत तीन वेळा होतो. मैदान नाही पाहिलं.” ते विचारात पडले. मी त्यांच्या रागाची वाट पाहत होतो. “बरं, मग तिथं जायच्या आधी काय फेडावं लागतं?”

“तिकीट,” नात म्हणाली.

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. “लिहू दे पोराला,” डोळे पुसत ते म्हणाले. “मक्केला काही कमी पडत नाही.”

नात म्हणाली, “मग मी कधी लिहिलं की मला का ओरडता?”

“तू माझी नात आहेस म्हणून.”

निघताना त्यांनी मला कागदाच्या पुडीत चार खजूर दिले आणि अंगणाच्या कडेपर्यंत पोचवायला आले. तिथे काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “मास्तर, एक विचारायचं राहिलं. तुमच्या पंढरीला लोक चालत जातात. जायच्या आधी काय काय करावं लागतं?”

मी शाळेतल्या पोरासारखा गडबडलो. माळ घालतात, म्हणालो. एकादशी करतात. वाटेत एकमेकांच्या पाया पडतात, लहानमोठे बघत नाहीत.

“चालायला किती दिवस लागतात?”

“आळंदीहून अठरा-वीस दिवस.”

“तुम्हाला किती लागले?”

नात माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, “मी एस.टी.ने गेलो होतो. लग्नानंतर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत.”

“दर्शन झालं?”

“झालं. मुखदर्शन. रांग फार होती.”

“मग झालं की,” आजोबा म्हणाले. “मी सात वेळा जेद्दा पाहून परत आलेला माणूस आहे. चला, तुमची शेवटची फेरीबोट चुकेल.”